हाताशी भिंत

वाघोटणच्या मुखाशी, सुकती लागायच्या जरा आधी,
रवळू तारीने माझ्या तोंडावर काच बसवली,
मागून पट्टा ओढला, म्हणाला,
"बाय, दम तोंडान घेवा. नाकाक सुट्टी."

एकोणतीस वर्षं नाकाने श्वास घेत
मी आठवीच्या वर्गाला हा किल्ला शिकवला.
तिहेरी तट, तिन्ही बाजूंनी पाणी,
आणि पाण्यात बुडालेली एक भिंत,
शत्रूची गलबतं फुटावीत म्हणून.
फळ्यावर ती मी नेहमी तुटक रेघेने काढायची,
कारण पाहिली नव्हती.
कुणी म्हणतं बांधलेली, कुणी म्हणतं खडकच तो.
परीक्षेला दोन मार्क.

पोहायला मी शिकले आटपाडीत,
विहिरीला पाणी होतं त्या एका वर्षी.
पाठीला वाळका भोपळा,
कमरेच्या दोराचं टोक काठावर, तात्यांच्या मुठीत.
दमलं की चार हातांवर भिंत.
दगडांच्या सांधीत बोटं घालायची, धापा टाकायच्या, पुन्हा सुटायचं.
तेव्हा मला पोहता येतं ते एवढंच:
भिंतीपासून भिंतीपर्यंत.

येताना कांदळवनाच्या कडेने वल्हवत आलो,
पिवळी कयाक, माझं वल्हं सारखं त्याच्या वल्ह्यावर आपटत.
चिखलातून चिपीची मुळं वर आलेली,
पोरांनी बाकावर खोचून ठेवलेल्या पेन्सिली जशा.
पलीकडच्या होडीतले लोक बाटलीत पाव भरून
माशांना फोटोसाठी बोलवत होते.
"पाव खाऊन मासो आळशी जाता," रवळू म्हणाला, "माणसासारखो."
मग बापाचं सांगितलं. भगवान तारी
शिणाण्यांसाठी नळीबिळीशिवाय उतरायचे,
आता एका कानाने ठार बहिरे.
"आणि म्हणता, त्याच कानात दर्या वाजता."

पाण्यात तोंड घातलं.
आधी नुसता श्वास, भात्यासारखा,
दुसऱ्याच कुठल्या बाईचा.
मग हिरवट धुकं, मग काळ्या पट्ट्यांचे मासे.
काचेपाशी येऊन त्यांनी मला पाहिलं
आणि हजेरीत नाव सापडू नये तसे वळून गेले.
मग खाली काहीच नाही.
विहिरीला तळ होता. निदान तात्या होते.
मी पाय झाडले, नळीत पाणी शिरलं, घशात मीठ,
आणि हाताला दगड लागला.

दगडावर दगड रचला होता
की एकसंध खडक, मला सांगता येणार नाही.
सांध होती. बोटं आपोआप गेली तिच्यात,
त्यांना पन्नास वर्षांपूर्वीचं पाठ होतं.
गलबतं फोडायला तिथे जे काही ठेवलं होतं,
माणसाने म्हणा, दर्याने म्हणा,
त्याला धरून मी लटकून राहिले,
दहा वर्षांची,
भोपळा सुटलेली.

"हात लाव नकात! कालवां आसत, कापतली!"
तो वर ओरडत होता,
मला पाण्यातून फक्त त्याचं तोंड हलताना दिसत होतं.

तळहातातून बारीक धूर निघाला.
मासे जरा बाजूला झाले, इतकंच.

धक्क्यावर रवळूच्या आईने मूठभर हळद चेपली.
भगवान तारी जाळं दुरुस्त करत बसले होते.
मी विचारलं, उगीचच मोठ्याने,
वर्गात विचारावं तसं:
ती भिंत कुणी बांधली हो?
त्यांनी चांगला कान पुढे केला,
बराच वेळ माझ्या हाताकडे पाहिलं.
"लागला काय खूप?" म्हणाले.

अंगठ्याखाली आता एक रेघ आहे,
तीन ठिकाणी तुटलेली.
रात्री सोलकढीचा पेला त्या हातात धरवेना.
डाव्या हाताने प्यायले.